परदेशी जोडीदार आणि फॅमिली व्हिसा : मराठवाड्यातल्यांनी अनुभव लिहा

परदेशी माणसाशी लग्न करून आता त्याच्या किंवा तिच्या देशात राहायला निघालेल्यांनी इथं आपला अनुभव लिहावा, ही विनंती. पुण्या-मुंबईकडचे अनुभव विचारले की मिळतात. आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. जन्म आजोळी, दाखला ग्रामपंचायतीत, टीसीवर नाव एक, आधारवर दुसरं, आणि व्हिसाचं केंद्र रात्रभराच्या प्रवासावर. माझं ठाम मत आहे की आपल्याकडचे अर्ज नात्याच्या पुराव्यावर कमी अन् तालुक्याच्या कागदावर जास्त अडकतात. म्हणून कागदाबद्दल सविस्तर लिहा. एजंटांची नावं आणि फोन नंबर टाकू नका. सुरुवात मी करते.

लातूर, नवरा जर्मन

आमचं लग्न इथंच, 1954च्या विशेष विवाह कायद्याखाली झालं. दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिलेलं असावं लागतं. मग नोटीस, नोटिशीचे 30 दिवस, आणि लग्नाला तीन साक्षीदार. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस पुन्हा द्यावी लागते, तेव्हा जोडीदाराच्या सुट्टीचा हिशेब आधीच करा. नवऱ्यानं त्याच्या गावच्या नोंदणी कार्यालयातून लग्नाला अडथळा नसल्याचा दाखला आणला होता. नोटीस फलकावर लागली त्याच संध्याकाळी चुलत्यांचा फोन आला. घरच्यांना त्याआधी सांगितलेलं बरं.

खरी कसोटी पुढं होती. अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लावतात तो सरकारी शिक्का. भारत 2005 पासून त्याच्या करारात आहे, पण जर्मनीनं भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली, त्यामुळं आपला अपोस्टिलचा शिक्का तिकडं चालत नाही. त्याऐवजी जर्मन दूतावास त्यांच्या विश्वासातल्या वकिलाकरवी कागद मुळापर्यंत तपासून घेतात, आणि तो खर्च अर्जदाराचा. आमच्याकडं आलेला माणूस आधी ग्रामपंचायतीत गेला, मग माझ्या झेडपीच्या शाळेत. मुख्याध्यापकांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं, पानांच्या कडा वाळवीनं खाल्लेल्या. त्यानं माझ्या नावाखाली पट्टी धरली, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी दोन्ही वाचली, फोटो घेतला. नंतर शेजारच्या काकूंना विचारलं, ही मुलगी कुणाची, लग्न कुणाशी झालं. काकूंनी पंगतीत काय काय होतं तेसुद्धा सांगितलं.

अर्ज भरण्याआधी शाळेचा निर्गम उतारा काढा आणि जन्मदाखल्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. त्यात फरक असेल तर तो इथंच निस्तरतो, तिकडं नाही.

जर्मन भाषेची ए-वन, म्हणजे पहिल्या पातळीची परीक्षा पुण्यात मॅक्सम्युलर भवनात दिली. जोडीदार जर्मन नागरिक असेल तर व्हिसाची फी पडत नाही. तिकडं नोकरीला असलेल्या भारतीयाच्या बायकोला 75 युरो पडतात.

नांदेड, नवरा फ्रेंच, नोकरी जर्मनीत

ताई, तुमचं वाचून मला एक गोष्ट सांगायचीच आहे. जोडीदार युरोपीय संघातल्या एका देशाचा नागरिक असून दुसऱ्या देशात राहत-कमवत असेल, तर 2004च्या युरोपीय निर्देशाप्रमाणं व्हिसा मोफत मिळतो आणि अर्ज लवकर निकाली काढावा लागतो. मला ए-वन लागली नाही. क्लासवाले मात्र सर्रास फी भरायला लावतात. नवऱ्याचं नागरिकत्व कुठलं आणि घर कुठं, हे दोन्ही सांगूनच चौकशी करा.

परभणी, बायको ब्रिटिश

आमचं घोडं पैशावर अडलं. 11 एप्रिल 2024 पासून तिकडच्या जोडीदाराचं वर्षाचं उत्पन्न 29,000 पौंड पाहिजे. आधी 18,600 होतं. माझा इथला पगार त्यात धरत नाहीत. बायकोनं नोकरी बदलली, सहा महिन्यांच्या पगारपावत्या जमवल्या, तोवर मी इकडं अन् ती तिकडं. तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेचा अधिभार 3,105 पौंड एकरकमी भरायचा, त्यासाठी बापानं सोयाबीनचे पैसे दिले. ते मी कधी विसरणार नाही. टीबीची तपासणी ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या दवाखान्यातच करावी लागते, आणि तो दाखला सहाच महिने चालतो. म्हणून बाकीची फाईल तयार झाल्यावर तपासणीला जावा.

नात्याचा पुरावा म्हणून अर्जाला फोटो निवडताना आम्ही स्टुडिओतले बाजूला ठेवले. हळदीत आजी तिच्या गालाला हळद लावायली, तो फोटो सगळ्यात वर लावला. दोन्हीकडची माणसं त्यात दिसतात.

धाराशिव, नवरा कॅनडाचा

थोडक्यात लिहिते. जन्मदाखल्यावर उस्मानाबाद, पासपोर्टवर उस्मानाबाद, लग्नाच्या दाखल्यावर धाराशिव. 2023च्या नामांतराच्या राजपत्राची प्रत, तिचं इंग्रजी भाषांतर आणि चार ओळींचं पत्र जोडलं. कुणी प्रश्न विचारला नाही. संभाजीनगरवाल्यांनीही हेच करावं. आणि लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदलायची सक्ती नाही. मी माहेरचंच ठेवलं.

बीड, नवरा अमेरिकन

माझा जन्म आजोळी, घरातच. नोंदच नव्हती. एक वर्ष उलटून गेलेल्या नोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. 2023च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी यांच्याकडं आला. चौकशीत मोठ्या मामीचं शपथपत्र केलं. तिला तारीख येत नव्हती. ती म्हणाली, "गणपती बसले, अन् दुसऱ्या दिशी सकाळी ही झाली." वकिलांनी जुनं पंचांग काढून पाहिलं, शाळेतल्या तारखेशी जुळलं. मामीनं अंगठा दिला. उशिराच्या नोंदीवर शंका घेतात, म्हणून शाळेचा उतारा आणि शपथपत्र दोन्ही सोबत ठेवलं.

बाकी रस्ता ठरलेला आहे. नवऱ्यानं आय-130, म्हणजे बायकोला तिकडं आणायचा अर्ज भरला, अमेरिकेतल्या गरिबीरेषेच्या 125 टक्के उत्पन्नाची हमी दिली, मी पोलिसांचा दाखला अन् वैद्यकीय तपासणी केली, मुलाखत मुंबईत झाली. तिकडं पोचताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचंच मिळतं. ते संपायच्या आधीच्या 90 दिवसांत दोघांनी मिळून अर्ज करायचा असतो, ते विसरू नका.

हिंगोली, प्रश्न

ताई, आमचं लग्न देवळात झालं, सगळे पाहुणे होते. नवरा डच आहे, हिंदू नाही. नोंदणी केलेली नाही. आता पुन्हा लग्न करावं लागंल का?

लातूर

नाही. हिंदू विवाह कायदा दोघंही हिंदू असतील तरच लागू होतो, म्हणून ती नोंदणी तुम्हाला चालणार नाही. पण विशेष विवाह कायद्याच्या कलम 15 खाली, आधी विधी करून झालेल्या लग्नाची नोंदणी करता येते. दोघांनीही अर्जाच्या आधी 30 दिवस जिल्ह्यात राहिलेलं असावं लागतं, आणि हरकतींसाठी 30 दिवसांची नोटीस लागते. त्यामुळं नवऱ्याचा इथला व्हिसा तेवढा पुरतो का, ते आजच पाहा. तो राहतोय त्या घराचा पुरावाही तयार ठेवा. देवळातले फोटो आणि लग्नपत्रिका जपून ठेवा, व्हिसाच्या वेळी उपयोगी पडतील. अर्ज दिलात की इथं कळवा.