मदत हवी: तिघांनी पाठिंबा काढला, सरकार पडलं की नाही?

तालीम_फोंडा:
युवा विधानसभेची संहिता बसवतोय, तालीम उद्या सकाळी. आपल्या गोव्यासारखंच ४० जणांचं सभागृह. आघाडीकडे २१, विरोधात १९. तिघे राज्यपालांना पत्र देतात, मग १८ विरुद्ध २२. सरकार पडलं! पण मुख्यमंत्री झालेला मुलगा विचारतो, मी राजीनामा का देऊ? त्याला कुठलं कलम दाखवू? लवकर सांगा.

पर्वरी_गॅलरी:
मुलाचं बरोबर आहे. सरकार पत्राने नाही, सभागृहात मत हरल्यावर पडतं (सर्वोच्च न्यायालयाचा बोम्मई निकाल, १९९४). पत्रामुळे राज्यपालांना बहुमत सिद्ध करायला सांगता येतं, एवढंच. सभापती कोणाचा? तिघे अपक्ष की पक्षाचे?

खाजनबांध:
सरळ राष्ट्रपती राजवट लावा, नाट्य येईल.

पर्वरी_गॅलरी:
समोर २२ जण उभे असताना कलम ३५६, म्हणजे राष्ट्रपती राजवट? पर्यायी सरकार आधी बघायचं असतं.

दिल्लीवारी:
१७ एप्रिल १९९९ चा प्रसंग घ्या. वाजपेयी सरकार लोकसभेत एका मताने पडलं, २६९ विरुद्ध २७०. काँग्रेसचे गिरिधर गमांग ओडिशाचे मुख्यमंत्री असून खासदार म्हणून मत देऊन गेले!

तालीम_फोंडा:
दिल्ली नको हो. सभापती आघाडीचाच, ते उघड आहे. तिघे ५ आमदारांच्या मित्रपक्षातले. पक्ष सरकारातच आहे.

पर्वरी_गॅलरी:
उघड काय त्यात? सगळं गणित त्यावरच आहे. सभापती आधी मत देत नाही, फक्त बरोबरी झाली तर निर्णायक मत देतो (कलम १८९). म्हणजे आघाडीची मूळची मतं २०. तिघे उलटले तर १७-२२. ते नुसते गैरहजर राहिले तरी १७-१९, कारण मोजायचे ते हजर राहून मत देणारे. एकटाच गैरहजर राहिला तर १९-१९, आणि सभापती सरकार वाचवतो. तो एकटा उलटला तर मात्र १९-२०, खेळ खलास.

म्हापशेकर:
५ पैकी ३ म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त, फूट वैध. पक्षांतरबंदी लागणारच नाही.

डिचोली_वकील:
ती सोय २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने गेली. आता फक्त दुसऱ्या पक्षात विलीनीकरण, त्याला दोन तृतीयांश, म्हणजे ५ पैकी ४ हवेत. तिघांनी पक्षादेश मोडला तर अपात्रतेची याचिका होणार. पण तिचा निकाल येईपर्यंत ते आमदारच, त्यांची मतं मोजली जातात. आणि पत्रात ‘पाठिंबा काढत आहोत’ हे स्पष्ट लिहा. नुसती नाराजी लिहिलीत तर तो पक्षातला वाद. तेवढ्यावर बहुमत चाचणी बोलावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सुभाष देसाई निकालात (२०२३) म्हटलंय.

म्हापशेकर:
मग सभापतीने तिघांना बाहेरच काढलं तर?

पर्वरी_गॅलरी:
गोव्यात झालंय. २ फेब्रुवारी २००५ ला मतदानाआधी एका अपक्षाला बाहेर काढलं, मुख्यमंत्री पर्रीकरांनी विश्वास ठराव जिंकला, आणि त्याच दिवशी राज्यपाल जमीर यांनी सरकार बरखास्त केलं. प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री झाले, पण ४ मार्चला राष्ट्रपती राजवट. खाजनबांध, घ्या तुमचं नाट्य.

मांडवीतीर:
मंत्री १२ पेक्षा जास्त ठेवू नका हं. सभागृहाच्या १५ टक्क्यांनी ६ च होतात, पण छोट्या राज्यांना १२ ची मुभा आहे.

तालीम_फोंडा:
मंत्री ९ आहेत, कोणी विचारलं नव्हतं. आवाजी मतदान चालेल ना? वेळ वाचेल.

डिचोली_वकील:
या प्रसंगाला नको. आवाजी कौल सभापती आपल्या कानाने ठरवतो, वाद तिथेच पेटतो. विरोधी नेत्याच्या तोंडी ‘मतविभागणी हवी’ हे वाक्य घाला. मग सरकारच्या बाजूचे उभे राहतील, मोजणी; नंतर विरोधातले, मोजणी. सभापतीला आकडे मोठ्याने वाचायला लावा. मुख्यमंत्री त्यानंतर राजीनामा घेऊन राज्यपालांकडे.

तालीम_फोंडा:
देव बरें करूं. म्हणजे राजीनाम्याचं वाक्य तिसऱ्या प्रवेशातून पाचव्यात न्यायला हवं. पत्र आता नव्याने लिहितो.