किचन ट्रॉल्यांची तीन कोटेशनं, तिन्हींचा ताळमेळ लागेना (नाशिक)

पाथर्डीफाटावाली:
नमस्कार मंडळी. पाथर्डी फाट्याला टूबीएचके आहे आमचा, ११ वर्षं झाली, आता एकदाचं किचनचं मनावर घेतलंय. ओटा एल आकाराचा, एका भिंतीला १० फूट आणि दुसरीला ६, खाली बिल्डरनेच दिलेले कडप्प्याचे कप्पे आहेत, त्यांना आजवर पडदे लावून भागवलं (हसू नका). खाली ट्रॉल्या, वर ९ फुटांची कपाटं आणि माळ्याला दारं, एवढंच हवंय. तिघांना बोलावलं. ओळखीतले सुतारकाका म्हणे ९० स्क्वेअर फूट भरतंय, १४५० ने १ लाख ३० हजार ५००, ट्रॉल्या वेगळ्या. मॉड्युलरच्या दुकानात २ लाख ४० हजार ट्रॉल्यांसकट, जीएसटी वेगळा, आणि कडप्पा तोडावा लागेल म्हणाले. तिसऱ्याने दारातूनच बघितलं आणि टेप न काढता सांगितलं "तीनपर्यंत जाईल मॅडम". नवरा म्हणतो तूच ठरव, म्हणजे नंतर नावं ठेवायला मोकळा. नक्की स्वस्त कोणतं पडतंय ते कोणी समजावेल का?

भुसाशेठ:
ताई मी स्वतः सुतारकामातलाच, सिडकोत २२ वर्षं काढली, म्हणून सांगतो, काकांना आधी विचारा ९० आले कुठून. मी इथे बसून लावतो बघा, खाली १० आणि ६ मिळून १६ फूट गुणिले अडीच म्हणजे ४०, वरची कपाटं ९ गुणिले २ म्हणजे १८, आणि माळा १६ गुणिले २ म्हणजे ३२. झाले ९०. म्हणजे काकांनी भिंतीने माप घेतलंय. पण शटर, म्हणजे कपाटाचं दार, भिंतीला लागत नाही ना, ते समोर लागतं. ओटा २ फूट खोल असतो, तर कोपऱ्यामुळे समोरून तुम्हाला दिसणार ८ आणि ४, एकूण १२ फूट. म्हणजे १६ मधले ४ फूट जास्तीचे, गुणिले अडीच म्हणजे १० स्क्वेअर फूट नुसते हवेतले, साडेचौदा हजार रुपये. काका लबाड आहेत असं नाही म्हणत, कोपऱ्यात मटेरियल जातं आणि भिंतीने मोजायची पद्धत पण आहे, पण मग रेट त्या हिशोबाने खाली पाहिजे.

दुसरं म्हणजे सगळ्याला एकच १४५० का? वरचं कपाट म्हणजे पूर्ण बॉक्स, त्याला तो रेट ठीक. माळ्याला स्लॅब आधीच आहे, तिथे नुसती फ्रेम आणि शटर. खाली कडप्पा ठेवणार असाल तर तिथे पण बॉक्स नाही, फ्रेम, शटर आणि ट्रॉल्यांची चॅनेलं. तीन कामांचे तीन रेट लिहून मागा. आणि दुकानवाल्याचे २ लाख ४० वर १८ टक्के जीएसटी धरला तर ४३ हजार २०० वाढतात, म्हणजे २ लाख ८३ हजार झाले, तो टेप न काढणारा फार लांब नव्हता म्हणायचा 😀

गंगापूररोडकर:
भुसाशेठना अनुमोदन. कडप्पा तोडायच्या आधी दहा वेळा विचार करा. आमच्याकडे असाच एका दुकानवाल्याने तोडायला लावला, पोराने छिन्नी घातली आणि शेगडीच्या बरोबर खालून ग्रॅनाईटला आरपार चीर. दुकान म्हणे सिव्हिलचं काम आमच्यात येत नाही, तोडणारा म्हणे दगड आधीच तडकलेला होता. ग्रॅनाईट, प्लंबर, दोन टाइल्स, सगळं मिळून २७ हजार गेले जे कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हते, आणि १२ दिवस गॅलरीत स्वयंपाक, तोही ऐन जुलैत.

प्लायचं पण बघा. नुसतं "वॉटरप्रूफ प्लाय" लिहिलेलं चालवून घेऊ नका, सिंकखाली तरी आयएस ७१० चा (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्का असलेलाच, आणि शिक्का प्रत्येक शीटवर बघायचा, वरच्या एकावर नाही. एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड) दिसायला गुळगुळीत, रंग पण छान बसतो, पण सिंकचा पाइप एकदा गळला की खालची कड पुरीसारखी फुगते आणि परत बसत नाही. ट्रॉल्या ३०४ स्टीलच्या म्हणून २०२ गळ्यात मारतात, चुंबक लावून काही कळत नाही कारण साधारण दोन्हीला चिकटत नाही, बिलावर ग्रेड लिहून घ्या.

पंचवटीची_आजी:
अगं बाई सगळीकडे ट्रॉल्याच करू नकोस. माझ्या सुनेने नऊ केल्या, मागच्या दिवाळीत २६ हजार फक्त त्यांचे दिले, आणि आता पिठाचा मोठा डबा ठेवायला जागा नाही, तो डायनिंग टेबलाखाली. कपबशीची, ताटांची, चमच्यांची आणि कांद्याबटाट्याची जाळी, एवढ्या चार पुरतात. बाकी नुसते कप्पे आणि दार. पाइपगॅस येणार असेल तर सिलिंडरची ट्रॉली पण वाचली.

पाथर्डीफाटावाली:
सगळ्यांचे आभार, आजी तुमचे विशेष. काल टेप घेऊन स्वतःच बसले, समोरून १२ फूट २ इंच भरलं. काकांना फोन केला तर आधी जरा तडकले, "ताई कोपरा काय फुकट होतो का" म्हणे, मग संध्याकाळी येऊन परत माप घेतलं. आता वरची कपाटं १८ स्क्वेअर फूट १४५० ने म्हणजे २६ हजार १००, खालचं ३० फूट ९०० ने २७ हजार, आणि माळा ३२ फूट ७५० ने २४ हजार. एकूण ७७ हजार १००, कडप्पा तसाच. पाच ट्रॉल्या ३०४ च्या, पावती वेगळी (पाचवी सासूबाईंच्या हट्टासाठी). सिंकखालच्या शटरला ७१० हे काकांनी वहीवर स्वतःच्या हाताने लिहून दिलं.

आता शटरचा रंग. मला पांढरा हवाय, सासूबाई म्हणतात हळदीचा हात लागला की बघ. त्यासाठी वेगळा धागा काढते.