मदत हवी आहे: हेदवीच्या पुढे किनाऱ्याने चालता येतं का?

डिसेंबरात आम्ही सहा जण गुहागर ते गणपतीपुळे चालणार आहोत, गावच्या शाळेच्या वाचनालयासाठी. लोकांनी किलोमीटरमागे पैसे कबूल केलेत, म्हणून मध्ये गाडी नाही. (तवसाळ-जयगड फेरीबोट चालेल, खाडी पोहून जा असं अजून कुणी म्हटलेलं नाही!) वेळणेश्वरपर्यंत मागच्या महिन्यात चालून पाहिलं. अडलंय ते हेदवीला. नकाशा सरळ डांबरी रस्त्यावर नेतो, आणि तो उन्हात नको. दोघं साठीपुढचे आहेत, तेव्हा कड्यावरची चढउतारही नको. भरती-ओहोटीचं कोष्टक जवळ आहे. तर ओहोटीला बामणघळीपासून (हेदवीच्या किनाऱ्यावरची खडकातली अरुंद घळ) पुढच्या नरवण गावाकडे खडकांतून जाता येतं का, की सड्यावरून (वरच्या कातळाच्या पठारावरून) गुराख्यांची एखादी वाट आहे?