पंखा साफ करून भागेलच असं नाही
लॅपटॉप तापून बिघडत असेल तर पंखा साफ करून चिपवर नवी थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) लावली की झालं, असा सल्ला देतात. धुळीने हवा अडली असेल तर खरंय. पण २००८च्या आसपासच्या लॅपटॉपांतल्या एनव्हिडिया कंपनीच्या, पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या काही चिपांचं दुखणं निराळं होतं. चिपखालचे सोल्डरचे (जोडणी करणाऱ्या धातूचे) बारीक ठिपके सारखे तापून-निवून तडकायचे. मग पडद्यावर रेघा, नाहीतर थेट काळोख. जुलै २००८मध्ये कंपनीने त्यापायी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. डेल, एचपी या लॅपटॉप कंपन्यांनी बायॉस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) बदलून पंखा जास्त फिरवला. माझ्या मते मलमपट्टीच! आणि हो, हीट गनने (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने) शेकून ‘जिवंत’ केलेला बोर्ड विकत घेऊ नका. तडा आतच राहतो, पुन्हा कधीही उघडतो.