ओरडणं बंद केलं तर मूल धीट होतं का?

कडीपत्ता
मुलगी पाचवीत, यंदा स्कॉलरशिप. रोज संध्याकाळी गणिताला बसलो की दहाव्या मिनिटाला माझा आवाज चढायचा आणि विसाव्या मिनिटाला तिचे डोळे भरायचे. एकदा तिने बरोबर उत्तर लिहून खोडून टाकलं. का, तर मी नुसतं "हं?" म्हणालो होतो! त्या दिवशी स्वतःचीच लाज वाटली.

त्यानंतर सहा महिने एकच पथ्य पाळलं. चुकलं तरी पेन्सिल हिसकायची नाही, "कसं केलंस ते सांग" एवढंच विचारायचं. मार्क काही फार वाढले नाहीत. पण गेल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानदाराने दहा रुपये कमी दिले, तर ही चौकातून मागे फिरली आणि मागून घेऊन आली. आधी ती दुकानात "काका" म्हणून हाक मारायलाही लाजायची. माझ्या मते हा घरातला आरडाओरडा थांबल्याचा परिणाम. बायको म्हणते, वय वाढलं, दुसरं काही नाही.

निवृत्त_मास्तर
वहिनींशी सहमत. 34 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. 'श्यामची आई'तला श्याम पोहायच्या भीतीने लपून बसला, तेव्हा आईने त्याच्या भावना विचारल्या नाहीत. शिंपटीने बडवून विहिरीवर धाडला. शिकलाच ना? नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत "खाली बस" एवढ्या शब्दावर दोन दिवस शाळेला न येणारी पोरं पाहिली. घरी कुणी "नाही" म्हटलेलंच नसतं.

घाटमाथा
मास्तर, गोष्ट अर्धीच सांगितलीत. नंतर त्याच आईने त्याला मायेनं समजावलं, माझ्या मुलाला कुणी भित्रा म्हणू नये म्हणून मारलं असं सांगितलं. आमच्या घरी फक्त शिंपटी होती, पुढचा भाग आलाच नाही. आज मी 43 वर्षांचा आहे. गाडीला ओरखडा गेला की अजून पहिला विचार येतो, अण्णांना कळता कामा नये. धीट झालो नाही, खोटं बोलण्यात मात्र तरबेज झालो.

निवृत्त_मास्तर
मी माराचं बोलत नाही, धाकाचं बोलतोय. मारावर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंदी आली. त्याच्या कितीतरी आधी मी छडी सोडली होती.

साबुदाणा_वडा
मानसशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून थोडं. डायना बाउमरिंड यांनी 1960 च्या दशकात पालकांचे तीन प्रकार मांडले: हुकूम सोडणारे, मोकाट सोडणारे, आणि नियम पक्के ठेवून त्यामागचं कारण मायेने सांगणारे. तिसऱ्यांची मुलं जास्त स्वावलंबी दिसली. म्हणजे मास्तरांचं "नाही" आणि कडीपत्तांचं "कसं केलंस" एकाच घरात नांदू शकतं. (अधूनमधून दिलेल्या हलक्या फटक्याने कायमचं नुकसान होतं हे सिद्ध झालेलं नाही, असंही बाउमरिंड पुढे म्हणाल्या होत्या. मला पटत नाही, पण लपवणार नाही.)

दुसरं, कौतुक जपून करा. म्युलर आणि ड्वेक यांच्या 1998 च्या प्रयोगांत पाचवीतलीच मुलं होती. "हुशार आहेस" असं ज्यांना म्हटलं, ती अवघड कोडी चुकल्यावर लवकर खचली. "मेहनत घेतलीस" असं ऐकलेली टिकून राहिली. आपल्याकडे पाहुण्यांसमोर "आमचा हुशार हो" चालूच असतं.

तिसरी_पाळी
हे सगळं वाचायला छान आहे. मी नर्स आहे. बारा तासांची ड्युटी, मग लोकल, मग कुकर, आणि साडेनऊला पोरगा वही काढतो. तेव्हा "कसं केलंस ते सांग" म्हणायला वीस मिनिटं लागतात, ओरडायला दोन सेकंद. संयम स्वभावात नसतो हो, घड्याळात असतो. त्यात सासूबाई आतून सांगतात, एक लावून दे.

कडीपत्ता
ताई, हे मान्यच. माझं काम घरून चालतं, तो फरक मी विसरलो होतो. आणि मी अजूनही ओरडतो. परवाच ओरडलो, चप्पल सापडेना म्हणून. फक्त नंतर "माझं चुकलं" म्हणतो. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ती घाबरून आईकडे बघायला लागली, बाबांना काय झालं म्हणून.

तिसरी_पाळी
ते जमेल. त्याला वीस मिनिटं लागत नाहीत.

निवृत्त_मास्तर
पोरांची माफी मागायची म्हणजे धाक संपला, यावर मी ठाम आहे. बाकी ते दहा रुपये परत मागून आणल्याबद्दल लेकीला माझ्याकडून शाबासकी सांगा. माझ्या वर्गात असती तर मॉनिटर केली असती.

घाटमाथा
मास्तर, "हुशार आहे" म्हणू नका फक्त.