मन ‘बिघडलेलं’ की ‘सडलेलं’? आणि लोभ, हाव

दर्यापूरकडून :
आमच्या ख्रिस्ती मंडळीत बुधवारच्या बायबल अभ्यासाला पौलानं तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र चालू आहे. सहाव्या अध्यायाच्या पाचव्या वचनावर अडलो. खोटं शिक्षण देणाऱ्यांचं मन ‘बिघडलेलं’ असतं, भक्ती म्हणजे कमाईचं साधन असं ते धरून चालतात, असं पौल म्हणतो. ‘बिघडलेलं’ मला हलकं वाटतं. मोटर बिघडते, दूध बिघडतं. ‘भ्रष्ट’ म्हटलं की सगळ्यांना कचेरीतली लाच आठवते. मूळ शब्दाला वजन किती?

अचलपूरकडून :
बरंच आहे. ग्रीक क्रियापद ‘दिआफ्थेइरो’. ‘दिआ’ म्हणजे आरपार, ‘फ्थेइरो’ म्हणजे नासवणं. लूकच्या शुभवर्तमानात (12:33) हेच क्रियापद कसरीला लावलंय : स्वर्गातल्या धनाला कसर लागत नाही. म्हणजे आतून पोखरून नासवणं. आपण 2017 साली गुलाबी बोंडअळी पाहिली. अळी कोवळ्या बोंडात शिरते, शिरल्याचं छिद्र बुजून जातं, पऱ्हाटीवर बोंड हिरवंगार दिसतं. फोडलं की आत सरकी खाल्लेली, कापूस पिवळा पडून चिकटलेला. माझ्या मते पौलाला असं मन म्हणायचंय. शिकवणारा बाहेरून धडधाकट दिसतो, म्हणून तर लोक फसतात.

खामगावकडून :
लोभाचंही पाहा. सहाव्या अध्यायाच्या दहाव्या वचनात ‘फिलार्ग्युरिआ’ आहे, म्हणजे चांदीवरची माया. इथे मराठी ‘लोभ’ अगदी चपखल बसतो, कारण पत्राच्या शेवटी आपण ‘लोभ असावा’ लिहितो तोही हाच शब्द. जो जीव माणसांवर लावायचा, तो पैशावर लावला. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (2:3) मात्र ‘प्लेओनेक्सिआ’ आहे : अधिक असावं, आणखी असावं. ती हाव. दोन्हींना लोभच म्हणून मोकळं होऊ नये. त्याच वचनात पेत्र म्हणतो, हे लोक बनावट शब्दांनी तुमचा व्यापार करतील. म्हणजे विकला जाणारा माल कोण, तर ऐकणारे.

दर्यापूरकडून :
हे वाचून पोटात कालवलं. दोन वर्षांपूर्वी मृगाच्या तोंडावर बाहेरचा एक प्रचारक गावात आला होता. ‘देवाजवळ बी पेरा, शंभरपट उगवेल’, असं तीन संध्याकाळ सांगत होता. आमच्या गल्लीतल्या एका विधवा बाईनं कपाशीच्या बियाण्यासाठी पदराला बांधलेले पैसे त्याच्या थैलीत टाकले. पाऊस वेळेवर आला, तिचं वावर मात्र तसंच राहिलं. शेवटी मंडळीनं वर्गणी करून उशिरा तूर पेरून दिली. ‘बी’ हा शब्द त्यानं तिच्याच तोंडातून उचलला होता, याचा मला अजून राग येतो.

वरूडकडून :
राग रास्त आहे. पण यातून पाळकाचा पगारच बंद करायला निघू नका. तीमथ्याच्या त्याच पत्रात 5:18 ला आहे, मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नको. कष्टाचं खाणं वेगळं. सहाव्यात पौल अन्नवस्त्रावर तृप्त राहा म्हणतो, उपाशी मरा म्हणत नाही.

दर्यापूरकडून :
पगार चालूच राहील. काल अभ्यासात बोंडाचं उदाहरण सांगितलं. वेचायला जाणाऱ्या एक आजी मागे बसल्या होत्या, त्या लगेच बोलल्या, “मंग कवडी झाली म्हना ना त्याच्या मनाची. वरतून बोंड, अंदर कवडी.” अळीनं खाल्लेल्या कापसाला आमच्याकडे कवडीच म्हणतात. वहीत ‘बिघडलेलं’ खोडून तेच लिहिलं.