देव न मानणाऱ्याने तीर्थयात्रेला जाऊच नये?

पायमोजणी:
परवा एक पोस्ट वाचली. "देव मानायचा नसेल तर वारी, कामिनो, कैलास असल्या वाटांना फिरकू नका. ती भक्तांची जागा आहे, तुमची व्यायामशाळा नव्हे." (कामिनो म्हणजे स्पेनमधल्या सान्तियागोपर्यंतची पायी यात्रा.) खाली टाळ्याच टाळ्या. म्हणून हा लांबलचक धागा.

यात्रेत श्रद्धा असतेच, वाद तिचा नाही. पण ती वाट माणसावर काम कशी करते ते बघा. शेवटचं ठिकाण ठरलेलं, दिशा ठरलेली. रोज उठून काय करायचं हा घोर उरत नाही. जपानमधल्या शिकोकू बेटावरची 88 देवळांची फेरी साधारण 1,200 किलोमीटरची. पांढरा अंगरखा, गवती टोपी, हातात काठी. त्या वेशात डॉक्टर कोण आणि बेकार कोण ते ओळखू येत नाही. वाटेत कोणी 'ओसेत्ताई', म्हणजे यात्रेकरूला द्यायची भेट, म्हणून काही पुढे केलं तर नको म्हणायचं नसतं. घ्यावंच लागतं, आणि अहंकाराला खरा धक्का तिथे बसतो. मंत्र येत नसला तरी बसतो.

सान्तियागोच्या यात्रेकरू कार्यालयात हेतू विचारतात. धार्मिक किंवा आध्यात्मिक असेल तर लॅटिनमधलं 'कोम्पोस्तेला' हे प्रमाणपत्र मिळतं, नसेल तर वेगळं स्वागतपत्र. खुद्द चर्चने खिडकी ठेवलीय आणि आपण दारावर पहारा देतोय.

तर्कटराव:
खिडकी ठेवली, पण घर कोणी बांधलं? कामिनोवरचे वाट दाखवणारे पिवळे बाण 1980च्या दशकात एलियास वालिन्या नावाच्या पाद्र्याने स्वतः रंगवायला घेतले. 1986 साली अडीच हजारांच्या आसपास प्रमाणपत्रं दिली गेली. 2024मध्ये आकडा पाच लाखांच्या घरात. मग काय झालं? प्रमाणपत्राला पायी किमान 100 किलोमीटरची अट, म्हणून सान्तियागोच्या 115 किलोमीटर अलीकडच्या सारिया गावापासून झुंबड. सॅक टॅक्सीने पुढच्या मुक्कामी, आणि मालक यात्रेच्या पुस्तिकेवर दिवसाचे दोन शिक्के गोळा करत हात हलवत मागून. मक्केत मुस्लिमेतरांना प्रवेशच नाही, तिथे कोणी हक्काची भाषा करत नाही. सगळी मऊ जागी कोपराने खणायची हौस!

मधली सुट्टी:
सॅकवाल्यांवर का घसरता? पाठीचं दुखणं असलेल्याने घरी बसायचं का? ओझं स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत ठेवा, हा नियम माहीत नसलेले भाविकच दुप्पट ओझं घेऊन निघतात आणि तिसऱ्या दिवशी गुडघे धरून बसतात.

चालताबोलता:
गुडघ्यांच्या आधी फोड. बूट चावतो म्हणून फोड येतो हे अर्धसत्य आहे. मोजा कातडीला धरून ठेवतो, आतलं हाड पुढेमागे सरकतं, मधल्या कातडीचे थर सुटतात आणि पोकळीत पाणी भरतं. घामाने ओली कातडी मोज्याला जास्त धरते. म्हणून सुती मोजे नकोत. लोकरीचे घ्या, नाहीतर आत पातळ, बाहेर जाड असे दोन. पाय दिवसभरात सुजतो, तेव्हा बूट अर्धा ते एक नंबर मोठा. दर दोन तासांनी बूट-मोजे काढून पाय वाऱ्यावर ठेवा. एखादी जागा गरम लागली की तिथेच थांबून चिकटपट्टी. 'पुढच्या गावात बघू' म्हटलं की संध्याकाळी फोड नक्की. पट्टीचे कोपरे गोल कापा, चौकोनी कोपरा मोज्यात अडकून उचकटतो.

उलटतपासणी:
आणि फोडात सुईने दोरा ओवून तो आतच ठेवायचा, हा सल्ला कृपा करून कोणी देऊ नका. दोऱ्याच्या वाटेने जंतू आत जातात. लहान, न दुखणारा फोड तसाच राहू द्या. मोठा, ताणलेला असेल तर साबणाने धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला टोचा, पाणी काढा, वरची कातडी सोलू नका. मधुमेह असेल तर स्वतः टोचायचंच नाही.

मधली सुट्टी:
इतके यात्रेकरू वर्षानुवर्षं दोरा ठेवतात. सगळ्यांचे पाय सडले का?

उलटतपासणी:
ज्यांचे पिकले ते बसने घरी गेले. तुम्ही मोजताय ते पोचलेले.

पायमोजणी:
अहो, धागा श्रद्धेवर होता!

तर्कटराव:
आत्ताच रुळावर आलाय. बूट, मोजे, चिकटपट्टी. श्रद्धा वजा केली की एवढंच उरतं.

चालताबोलता:
मग 2024च्या हजमध्ये उन्हाने तेराशेहून अधिक माणसं गेली, त्यांची श्रद्धा कमी पडली म्हणायचं? बहुतेक जण परवान्याशिवाय आलेले, म्हणजे थंड तंबू नाही, बस नाही, उन्हात मैलोन् मैल पायपीट. एवढं बोलताना जरा भान ठेवा.

खडीसाखर:
दोघंही शांत व्हा. प्रयागच्या माघ मेळ्यातल्या कल्पवाशांचा, म्हणजे महिनाभर संगमावर मुक्काम करणाऱ्या भाविकांचा, अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झालाय. महिनाभर थंडी, गोंगाट, गार पाण्याची स्नानं, आणि तरी घरी राहिलेल्यांच्या तुलनेत त्यांना आपली तब्येत सुधारल्यासारखी वाटली. 'आपण सगळे एक' ही भावना त्यामागे आहे, असं अभ्यासकांचं म्हणणं.

तर्कटराव:
कल्पवासी म्हणजे श्रद्धावानच. त्यात नास्तिक किती मोजले? पुरावा माझ्या बाजूचा दिलात, आभार.

उलटतपासणी:
'सगळे एक' हेही जपूनच घ्या. यात्रेत भेद गळून पडतात, असं मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर म्हणाले. पुढे ईड आणि सॅलनाऊ या अभ्यासकांनी 1991मध्ये दाखवलं की तीर्थस्थान ही भांडणाचीही जागा असते. आपल्याकडे इरावतीबाई कर्व्यांनी वारीत चालताना एकाच दिंडीतल्या जातवार वेगळ्या पंगतींची खंत लिहून ठेवलीच आहे. समाजशास्त्रज्ञाच्या डोळ्यांनीही बघत चालल्या, म्हणून ते दिसलं. कैलासाला हिंदू आणि बौद्ध एका दिशेने फिरतात, तिबेटच्या बोन धर्माचे बोनपंथी उलट्या. पाच हजार सहाशे मीटरच्या वरच्या डोल्मा खिंडीत समोरासमोर येतात. तिथे कोणाची दिशा बरोबर, ते तर्कटरावांनी जाऊन ठरवावं.

तर्कटराव:
इरावतीबाईंचं मान्य, पण तेवढंच. बाकी मंडळींनीही या बापडे. फक्त मुक्कामावर पहाटे चारला प्लास्टिकच्या पिशव्या खुळखुळवू नका.

चालताबोलता:
ते भाविकही करतात.

तर्कटराव:
त्यांना निदान उठून प्रार्थना करायची असते.

उलटतपासणी:
सामान रात्रीच कापडी थैल्यांत भरून ठेवा. आणि दोरा नको म्हणजे नको.